‘हॅव’ म्हणजे नक्की काय? प्रश्नावलीचं मराठी करण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरने तिची प्रश्नावली तपासायला पाठवली. एमएस्सीच्या डिझर्टेशनसाठी ती जव्हार तालुक्यात सर्व्हे करणार आहे. चार पानं, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. पहिल्या पानावरचे जवळजवळ सगळे प्रश्न ‘डू यू हॅव’ने सुरू होणारे. जमीन, पाणी, मुलं, रेशन कार्ड, काम. आणि मराठीत प्रत्येकाला एकच साचा लावलेला: ‘तुमच्याकडे अमुक आहे का?’

मी तिला लगेच फोन केला. म्हटलं, झेरॉक्स काढू नकोस अजून.

कारण जवळपास हीच प्रश्नावली घेऊन मी तीन वर्षांपूर्वी मोखाड्याला गेले होते. माझ्या पीएचडीचा विषय साधा आहे: घरात पिकलेलं धान्य किती महिने पुरतं आणि ते संपल्यावर घर काय करतं. त्यासाठी आधी जमीन विचारायला हवी. ‘तुमच्याकडे जमीन आहे का?’ खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावर पहिल्या दिवशी बहुतेक घरांनी उत्तर दिलं, ‘नाय.’ मी इमानदारीत फॉर्मवर भूमिहीन, भूमिहीन अशा खुणा करत गेले. एका घरी मात्र ओटीवर नागलीचा पेंढा रचलेला होता आणि कोपऱ्यात वरई वाळत पडली होती. मी विचारलं, मग हे कुठलं? आजोबा म्हणाले, ‘ते प्लॉटातलं.’

माझ्यासोबत अंगणवाडीतल्या मदतनीस मावशी होत्या. परत येताना त्या म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही सातबारा विचारताय असं वाटलं त्यांना. कागद घेऊन आलेलं माणूस जमीन विचारतं ते सातबाऱ्यासाठीच.’

झालं! पूर्ण दिवसाचा डेटा वाया गेला. पण त्या दिवशी जे कळलं ते कुठल्याही रिसर्च मेथडॉलॉजीच्या कोर्समध्ये मला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी त्या जमिनीचंच बोलू, कारण गुंता तिथेच सगळ्यात जास्त आहे. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत दहापैकी नऊ माणसं आदिवासी आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. अनेक घरं पिढ्यान्‌पिढ्या जंगलातली जमीन कसतात, पण कागदोपत्री ती वनखात्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या अशा जमिनीवर आदिवासी कुटुंबाला हक्क मागता येतो, प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढ्या आणि जास्तीत जास्त ४ हेक्टरवर. हक्क मिळाला तर तो वारसाने पुढे जातो, पण जमीन विकता येत नाही. आणि लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांच्या नावाने पट्टा होतो.

आता सांगा, अशा माणसाला इंग्रजीत ‘डू यू हॅव लँड’ विचारलं तर उत्तर काय? कसतोय, म्हणजे आहे. सातबारा नाही, म्हणजे नाही. दावा दाखल केलाय, पट्टा आलेला नाही, म्हणजे अर्धवट आहे. पट्टा आलाय पण जेवढं कसतो त्याहून कमी क्षेत्राचा आलाय, म्हणजे आहेही आणि नाहीही. इंग्रजी ‘हॅव’ या सगळ्यावर एकच पांघरूण घालतं. मराठीत मात्र ‘जमीन कसता का?’, ‘जमीन कोणाच्या नावावर आहे?’, ‘पट्टा मिळालाय का?’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींना वेगळी उत्तरं येतात. कातकरी वस्तीत तर हे आणखी टोकाचं होतं. तिथे एका बाईंनी मला सरळ सांगितलं, ‘घर आमचं, जागा आमची नाय.’ माझ्या फॉर्मवर घरासाठी एकच चौकट होती.

मी भाषाशास्त्राची नाही, पण तिथून आल्यावर या क्रियापदाच्या मागे थोडी लागले. मजेशीर गोष्ट अशी की आपण ज्याला इतकं साधं क्रियापद समजतो ते जगातल्या बहुतेक भाषांत नाहीच. लिऑन स्टासेन या डच भाषाशास्त्रज्ञाने ‘माझ्याकडे अमुक आहे’ हे कोणती भाषा कसं सांगते याची तुलना केली. त्यातल्या २४० भाषांपैकी ‘हॅव’सारखं स्वतंत्र क्रियापद वापरणाऱ्या फक्त ६३ निघाल्या. बाकीच्या भाषा ‘असणे’वरच भागवतात. रशियन माणूस ‘माझ्यापाशी पुस्तक आहे’ अशाच धर्तीवर बोलतो. म्हणजे वेगळी चाल इंग्रजीची आहे, आपली नाही! इंग्रजी ‘हॅव’चं मूळ शोधत गेलं तर ते ‘पकडणे’ या अर्थाच्या धातूपाशी जातं. मुठीत धरलं ते माझं. (लॅटिनमधलं ‘हाबेरे’ दिसतं अगदी तसंच, पण ते त्याचं नातेवाईक नाही. भाषेत चेहऱ्यावरून नातं ठरवायचं नाही हे तेव्हा शिकले.)

मराठीत आपण मुठीत धरत नाही, नातं सांगतो. आणि प्रत्येक नात्याला वेगळा प्रत्यय किंवा शब्द लावतो. मला ताप आहे. मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे गाडी आहे. माझ्याजवळ आत्ता पैसे नाहीत. माझी दोन एकर आहे. अंगात ताकद नाही. घराला दार नाही. या सातही वाक्यांत इंग्रजी माणूस ‘हॅव’ म्हणून मोकळा होईल. आपण बोलताना योग्य रूप आपोआप निवडतो, चुकत नाही. चुकतो ते भाषांतर करताना, कारण समोर इंग्रजी वाक्य असतं आणि डोक्यात ‘हॅव म्हणजे कडे असणे’ हे शाळेतलं समीकरण.

ते समीकरण मुलांच्या प्रश्नाला लावून बघा. ‘तुमच्याकडे किती मुलं आहेत?’ ज्युनिअरच्या फॉर्मवर हेच होतं. मराठीत ‘माझ्याकडे दोन मुलं आहेत’ म्हणजे ती सध्या माझ्या घरी राहतात. माझीच असतील असं नाही. जव्हार-मोखाड्यात दिवाळीनंतर घरंच्या घरं कामासाठी बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या, कुठे बांधकामं, कुठे नाशिककडचे मळे. काही जण मुलांना सोबत नेतात, काही आजीकडे ठेवून जातात. अशा आजीला तुम्ही ‘तुमच्याकडे किती मुलं’ विचारलंत तर ती नातवंडं मोजून सांगणार, आणि तिचं उत्तर बरोबर असणार. प्रश्न चुकलाय. पुढे तुमच्या टेबलात साठीच्या बाईला तीन वर्षांचं मूल दिसेल आणि तुम्ही डेटा एंट्रीवाल्याला दोष द्याल.

बरं, ‘कडे’ काढून ‘तुम्हाला किती मुलं आहेत?’ असं केलं की सुटलं का? नाही. उलट खरा मुद्दा इथेच आहे.

एका घरी मी हा प्रश्न विचारला. पस्तिशीच्या आतल्या बाई असतील. त्या म्हणाल्या, ‘झाली पाच. आहेत तीन.’

चार शब्द. इंग्रजीत यासाठी ‘हॅव हॅड’ आणि ‘हॅव’ असा खेळ करावा लागतो, आणि इंग्रजी प्रश्नावलीत नुसतं ‘हाउ मेनी चिल्ड्रन डू यू हॅव’ लिहिलं असेल तर ती दोन मुलं कुठेच येत नाहीत. मराठीत त्या बाईंनी स्वतःहून ‘होणे’ आणि ‘असणे’ वेगळं केलं. मी फक्त ‘आहेत’ विचारलं होतं. त्यांनी ‘झाली’ आधी सांगितलं नसतं तर मी ३ लिहून पुढच्या पानावर गेले असते.

हे केवळ हळवेपणाचं नाही, शास्त्र आहे. ज्या भागांत जन्म-मृत्यूची नोंद पक्की होत नाही तिथले बालमृत्यू कसे मोजायचे, यावर विल्यम ब्रास या स्कॉटिश लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात एक युक्ती काढली. आईला दोनच गोष्टी विचारायच्या: आजवर किती मुलं झाली, आणि त्यातली किती हयात आहेत. आयांचे वयोगट पाडून त्या दोन आकड्यांवरून बालमृत्यूचं प्रमाण काढता येतं. आपल्या जनगणनेतही ‘झालेली’ आणि ‘हयात’ मुलं वेगळी विचारली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तर सोबत राहणारी, दुसरीकडे राहणारी, जन्मून गेलेली असं क्रमाने विचारतात, म्हणजे कुणी सुटू नये.

आणि हे मी जव्हारबद्दल लिहिते आहे हे लक्षात घ्या. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात शंभराहून जास्त बालकं दगावली. तेव्हा हा ठाणे जिल्हा होता, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरीही त्याच १९९२-९३ मधली. कुपोषणावर काम करणारा प्रत्येक जण वावर-वांगणीचं नाव घेऊन प्रस्तावना लिहितो. मीही लिहिली आहे. मग त्याच तालुक्यात जाऊन ‘तुमच्याकडे किती मुलं आहेत’ विचारणं आपल्याला परवडणारं नाही.

एक सूचना मात्र आहे. गेलेल्या मुलांचं विचारताना ‘किती मेली’ असं कोणी विचारू नये, तसं छापूही नये. ‘जन्मून नंतर गेलेलं कोणी आहे का?’ असं विचारा, आणि उत्तर आलं की लगेच पेन चालवू नका. थोडं थांबा.

पाण्याचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला आता सहज कळेल. ‘पाणी आहे का?’ पावसाळ्यात विचाराल तर लोक हसतील. मार्च-एप्रिलमध्ये त्याच पाड्यावर विहिरीचा तळ दिसतो आणि टँकरची वाट बघावी लागते. घराला नळ आहे का, नळाला पाणी येतं का, किती दिवसांनी येतं, हे वेगळे प्रश्न आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्येही नुसता नळ पुरत नाही. माणशी रोज ५५ लिटर पाणी आलं तर तो नळ चालू, असं माप आहे. मोखाडा तालुक्यातलं मध्य वैतरणा धरण मुंबईला पाणी पुरवतं. मोखाडा तालुक्यात पाणी आहे का? आहे. मोखाड्याच्या पाड्यांना पाणी आहे का? हा दुसरा प्रश्न झाला. एका प्रत्ययाचा फरक.

आता ‘हॅव’चं दुसरं रूप, ज्याचा मालकीशी संबंध नाही: ‘हॅव टू’. मराठीत ‘लागणे’. अन्न आणि कृषी संघटनेची अन्न-असुरक्षितता मोजणारी आठ प्रश्नांची पट्टी तुमच्यापैकी अनेक जण वापराल. तिच्यात एका प्रश्नाचा आशय असा आहे: पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे तुम्हाला एखादं जेवण टाळावं लागलं का? सगळा भार त्या ‘लागलं’वर आहे. मी पहिल्या मसुद्यात ‘तुम्ही एखाद्या वेळी जेवला नाहीत का?’ असं लिहिलं होतं. त्यात उपास आला, आजारपण आलं, शेतात उशीर झाला तेही आलं. ‘जेवले नाही’ आणि ‘उपाशी राहावं लागलं’ यांत जे अंतर आहे तेच तर मोजायचं असतं.

लोक स्वतः हे अंतर फार नेमकं बोलतात. कामासाठी बाहेर जाण्याला या भागात ‘जगायला जाणे’ म्हणतात. कमवायला नाही, जगायला. आपण त्याला हंगामी स्थलांतर म्हणतो आणि इंग्रजी पेपरमध्ये आणखी जड शब्द वापरतो. माझं मत विचाराल तर प्रश्नावलीत ‘जगायला कोण कोण गेलं?’ असंच छापावं. तो शब्द एकदा वापरला की समोरच्याला कळतं की आपण कशाबद्दल बोलतोय.

पण तिथेही ‘हॅव’ आडवं आलंच. इंग्रजीत ‘हॅज गॉन’ म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. ‘हॅज बीन’ म्हणजे जाऊन आलाय. मराठीत ‘गेलं आहे का’मध्ये दोन्ही मावतं. मी शिमग्याच्या आठवड्यात फेरी केली. होळीला इकडचा माणूस कुठूनही घरी येतो. ‘घरातलं कोणी कामाला बाहेर गेलंय का?’ मी विचारायचे, आणि समोर बसलेला, भट्टीवरून दोन दिवसांपूर्वी आलेला माणूस सांगायचा, ‘नाय, सगळे घरीच.’ खोटं काय बोलला? नंतर मी प्रश्न बदलला: ‘दिवाळीपासून आजपर्यंत घरातलं कोण कोण बाहेर कामाला जाऊन आलं, आणि आत्ता कोण तिकडे आहे?’ लांबलचक आहे, पण चालतो. कालावधी ‘मागच्या सहा महिन्यांत’ असा न सांगता सणांनी सांगितला की माणसं पटकन आठवतात, हेही तेव्हाच कळलं.

हेच रूप पेपर लिहिताना आपल्याला छळतं, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांना. मी स्वतः त्यातली आहे. दोनच गोष्टी सांगते. वाक्यात ठरलेलं वर्ष आलं की ‘हॅव’ काढून टाका. १९९२ मध्ये अमुक झालं, तमुकांनी २०१५ मध्ये दाखवलं: इथे साधा भूतकाळ. ‘अनेकांनी दाखवलं आहे’, ‘यावर फारसा अभ्यास झालेला नाही’ असं वर्ष न सांगता आजपर्यंतचं बोलत असाल तर ‘हॅव’ हवं, म्हणून ते प्रस्तावनेत खूप दिसतं आणि मेथड्समध्ये जवळजवळ दिसत नाही. दुसरं, ‘मी तीन वर्षांपासून इथे काम करते आहे’ याचं शब्दाला शब्द लावून ‘आय अ‍ॅम वर्किंग सिन्स’ होतं. ते चूक आहे. तिथे ‘आय हॅव बीन वर्किंग’ लागतं. माझ्या पहिल्या मसुद्यावर गाइडनी याच्यावर इतके लाल गोल केले होते की पान पुरळ आल्यासारखं दिसत होतं.

तर ज्युनिअरला मी काय सांगितलं? प्रश्नावली पाठ करून मग इंग्रजी पान बाजूला ठेव. प्रत्येक ‘हॅव’पाशी थांबून आधी स्वतःला विचार की मला काय हवंय: ताबा, नाव, वापर, नातं, आत्ता हातात असणं, की करावं लागणं? ते ठरलं की मराठी वाक्य आपोआप येतं. मग कुणाकडून तरी ते मराठी वाक्य परत इंग्रजीत करून घे, ज्याने मूळ फॉर्म पाहिलेला नाही अशा माणसाकडून. जिथे फक्त ‘हॅव’ परत आलं तिथे काहीतरी निसटलंय असं समज. आणि हे सगळं करूनही पाड्यावर गेल्यावर चार-पाच घरी प्रश्न विचारून झाला की म्हण, ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा ना.’ मोखाड्यात मला याचा जेवढा उपयोग झाला तेवढा सॅम्पल साइजच्या सूत्राचाही झाला नाही. हे सांगताना माझे गाइड ऐकत नाहीत ना, एवढं बघते.

काल तिची नवी प्रश्नावली आली. जमिनीचे तीन प्रश्न झालेत, मुलांचे चार. फॉर्म दीड पानाने वाढला म्हणून ती वैतागली आहे. रेशन कार्डावर मात्र आम्ही दोघी अडकलो. कार्ड सासऱ्यांच्या नावावर, सुनेचं नाव त्यात चढलेलं नाही, कार्ड गावात आणि माणसं भट्टीवर. यात ‘आहे’ कुणाकडे म्हणायचं? तूर्त पाच पर्याय टाकलेत आणि शेवटी एक रिकामी ओळ सोडली आहे. पायलट दिवाळीच्या आधी उरकायचं ठरवलंय, कारण नंतर गेलं तर निम्म्या घरांना कुलूप असेल.